कागदोपत्री चालू

मी एक वाटाड्या आहे. डोंगरातला नाही, संगणकातला. काही शे ओळींचा एवढासा प्रोग्रॅम. माझ्या कामाविषयी बोलायला लागलो की मला स्वतःचाच फार अभिमान वाटू लागतो, म्हणून आधीच सांगून टाकतो: नोकरीची पहिली दोन वर्षं मी काडीचंही काम केलेलं नाही.

एका दवाखान्याच्या तळमजल्यावर थंडगार खोली आहे. तिथे एक मोठा संगणक आहे आणि त्याच्या पोटात सहा व्हर्च्युअल मशीन. म्हणजे लोखंडी पेटी एकच, पण आत बिऱ्हाडं सहा, आणि प्रत्येकाचा समज असा की आपण स्वतंत्र बंगल्यात राहतो. एकात पेशंटच्या नोंदी, एकात औषधांचा साठा, एकात घरी बसलेल्या पेशंटशी व्हिडिओवर बोलायची सोय. हे शेवटचं बिऱ्हाड माझं.

बाहेरून येणारा आवाज आणि चित्र बारीक बारीक पाकिटांत येतं. या बिऱ्हाडाला आठ रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेपाशी एक प्रोसेसर. माझं काम म्हणजे पाकिटावरचा पत्ता वाचायचा आणि ‘तू तिसऱ्या रांगेत, तू सातव्या’ असं सांगायचं, म्हणजे कुणा एकाच्या डोक्यावर सगळा भार येत नाही. आत काय आहे ते उघडून पाहायची मला मुभा नाही. काम तसं सोपं, पण थाट मात्र चौकातल्या हवालदाराचा.

आता हे काम करायचं तर कर्नेलमध्ये बसावं लागतं. कर्नेल म्हणजे संगणकाचा गाभा, घरातला कर्ता पुरुष. साऱ्या बिऱ्हाडांची पाकिटं त्याच्याच हातून जातात, त्यामुळे तो सोम्यागोम्याला आत घेत नाही. पहिल्या दिवशी माझं मशीन मोठ्या ऐटीत मला घेऊन त्याच्या दारात गेलं.

“परवानगी आहे?” कर्नेलनं विचारलं.

“नाही.”

“मग नाही.”

आमची मुलाखत एवढीच झाली. मशीननं आपल्या रोजनिशीत एक पिवळी ओळ लिहिली, ‘वाटाड्या बसवता आला नाही, त्याच्याविना चालवत आहे’, आणि ते कामाला लागलं. सगळी पाकिटं एकाच रांगेत शिरली. मी उंबऱ्याबाहेर बसलो. रुसलो, भांडलो, आरडाओरडा केला असं काही नाही. एक ओळ लिहून झाली म्हणजे आपलं कर्तव्य संपलं, अशी माझी समजूत होती. त्यानंतर तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

गंमत पुढेच आहे. खोली सांभाळणाऱ्या ताईंच्या पडद्यावर माझ्या नावापुढे हिरव्या अक्षरांत ‘चालू’ असं दिसायचं. कारण त्या पडद्यावर काय मागितलंय ते दिसतं, काय मिळालंय ते दिसत नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. लाजायच्या ऐवजी मी त्या हिरव्या अक्षरांकडे बघून छाती फुगवत असे.

आठ प्रोसेसरांपैकी एक घामाघूम, सात पाय पसरून बसलेले. पण ताईंचे साहेब रोज सकाळी सरासरी बघत. शंभराला आठांनी भागलं की साडेबारा येतात. साडेबारा टक्के म्हणजे हिरवा रंग, आणि हिरवा रंग म्हणजे साहेबांचा चहा वेळेवर.

एक दिवस वाचाबाई खाली आल्या. पक्षाघातानं वाचा गेलेल्यांना त्या पुन्हा बोलायला शिकवतात, म्हणून सगळे त्यांना वाचाबाईच म्हणतात.

“ताई, तुमचं यंत्र माझ्या पेशंटचं वाटोळं करतंय,” त्या म्हणाल्या.

“बाई, साडेबारा टक्क्यांवर चाललंय ते,” साहेब म्हणाले. “यंत्राला काय धाड भरलीय?”

मग वाचाबाईंनी सगळं सांगितलं. त्यांचे एक पेशंट होते, गाडी शिकवणारे काका. तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून ‘सावकाश’, ‘आरशात बघा’ म्हणत आलेला माणूस. आता एकेक शब्द जुळवायला त्यांना मिनिट लागत होतं. सकाळी अकराला सगळ्याच डॉक्टरांचे व्हिडिओ सुरू होत, आणि नेमका काकांचा शब्द तोंडाबाहेर पडायला आणि आवाज तुटायला एकच गाठ पडे. बाई म्हणत, ‘काका, पुन्हा म्हणा.’ ते पुन्हा म्हणत. बाई म्हणत, ‘अजून एकदा.’ आता आठवडाभर ते नुसती मान हलवत होते.

“त्यांना वाटतंय जीभच वळत नाही,” वाचाबाई म्हणाल्या. “सुरुवातीचे हे महिने गेले ना, की मग फार अवघड होतं. आणि माणसानं एकदा नाद सोडला की मी काही करू शकत नाही.”

हे ऐकून मला खरोखर लाज वाटली. पण लाज वाटून पाकिटं हलत नाहीत.

ताईंनी यापूर्वी केबल बदलली होती, बाईंचा कॅमेरा बदलला होता, काकांच्या बायकोला, काकूंना, घरातलं वायफायचं खोकं खिडकीत ठेवायला लावलं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्या दिवशी मात्र त्यांनी सरासरी बंद केली आणि आठही प्रोसेसर वेगवेगळे उघडले. एक शंभरावर, सात शून्यावर. मग त्या रोजनिशी पहिल्या पानापासून वाचायला बसल्या आणि हजारो ओळींखालून माझी पिवळी ओळ वर आली. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

“हा वाटाड्या तर मीच बसवला होता,” त्या हळूच म्हणाल्या.

“मग देऊन टाका त्या मशीनला सगळे अधिकार,” साहेब म्हणाले. “पाच मिनिटांत मिटेल.”

मी मनोमन साहेबांच्या बाजूचा होतो. सगळे अधिकार म्हटल्यावर कुणाला नको असतात?

“नको साहेब. ते मशीन बाहेरच्या जगाला उघडं आहे. उद्या त्यात कुणी घुसलं तर ते अधिकारही त्याचेच. शेजारी पेशंटच्या नोंदी आहेत.”

“आणि काकांनी किती थांबायचं?” वाचाबाईंनी विचारलं.

“उद्या अकरापर्यंत.”

ताईंनी केलं ते असं. सहाही बिऱ्हाडांची देखरेख करणारा एक व्यवस्थापक प्रोग्रॅम आहे. तो बाहेरच्या कुणाशी बोलत नाही आणि कर्नेलचा त्याच्यावर विश्वास आहे. त्यानं मला हाताला धरून कर्नेलमध्ये बसवायचं आणि मशीनच्या हाती फक्त माझा दोर द्यायचा, मला कामाला लावण्यापुरता. पाण्याच्या टाकीची किल्ली व्यवस्थापकाकडे, भाडेकरूला घरातला नळ. मशीनला नवा अधिकार एकही मिळाला नाही, आणि मला दोन वर्षांनी बसायला जागा मिळाली. माझ्या कर्तबगारीचा यात काही वाटा नाही. वशिल्यानं लागलो म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी अकराला आठही रांगा वाहू लागल्या. वाचाबाई ताईंच्याच टेबलाशी बसल्या होत्या. पडद्यावर काकू एकट्याच आल्या.

“ते नको म्हणतात,” काकू म्हणाल्या. “हातानंच म्हणाले.”

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. “काकू, फोन त्यांच्यासमोर धरता का? काका, मी इथली मशीन सांभाळते. तुमचा आवाज आमच्याकडे येऊन अडकत होता. तुम्ही बरोबर म्हणत होता, आम्हालाच ऐकू येत नव्हतं. चूक माझी होती.”

मी आपला पत्ते वाचत होतो, रांगा दाखवत होतो. पाकिटांच्या आत काय आहे ते मला कळत नव्हतं. मग ताईंच्या पडद्यातून काकांचा आवाज आला, अडखळत, पण एकही तुकडा न गळता.

“मी… बोलत… होतो.”

“हो काका,” ताई म्हणाल्या. “तुम्ही बोलत होता.” आणि त्यांनी डोळे पुसले.

हल्ली मी कामावर असतो, अगदी खराखुरा. माझं कुणी नाव काढत नाही आणि काढू नये हेच बरं. तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे. हिरवं ‘चालू’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. आत खरंच कुणी बसलंय का ते एकदा बघा. आणि समोरच्याचं ऐकू आलं नाही तर ‘पुन्हा म्हणा’ म्हणण्याआधी आपली बाजू तपासा. माझ्या नावानं दोन वर्षांत एक ओळ लिहिली गेली आणि ती कुणी वाचली नाही तरी मी तोंड मिटून बसलो. तो माणूस रोज अकरा वाजता पुन्हा म्हणत होता.