चिमूटभर ‘व्हेरी’

नीरजा मिसनी माझ्या निबंधातली एकूण एक ‘व्हेरी’ लाल पेनने उडवली. वर भर वर्गात म्हणाल्या, “दिव्यश्री, व्हेरी हिंगासारखं असतं. चिमूटभर घातलं तर स्वाद. मूठभर घातलं की लोक डाळ नासली होती का, म्हणून वास घेत बसतात.”

वर्ग हसला. मीही हसले. पूर्वी रडले असते, पण यंदापासून मी रडत नाही. शिवाय एवढी उपयोगी गोष्ट शाळेत क्वचितच शिकवतात.

त्याच रविवारी राजाजीनगरहून गोजराबाई आपल्या पुतण्याला, संतोषकुमारला, घेऊन अक्काला बघायला येणार होत्या. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, शिल्पाश्री. तिला एम.एस्सी. करायचं होतं आणि त्यांना सून लगेच हवी होती, भांड्यांच्या दुकानात बसायला. अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, एकच म्हणणं, “एवढ्या मोठ्या घराला आपण नाही कसं म्हणायचं? त्यांनीच म्हटलं तर गोष्ट वेगळी.”

अक्का रात्रभर उशीत तोंड खुपसून होती. सकाळी मला म्हणाली, “दिवू, काहीतरी कर ना गं.”

आता आमच्या लोकांची एक रीत आहे. मुलीकडच्यांनी मुलीचं कौतुक करायचं नाही. काहीही विचारलं तरी ‘स्वल्प’, म्हणजे थोडंसं, एवढंच म्हणायचं. बंगळूरात रिक्षावाल्यापासून देवळातल्या भटजींपर्यंत सगळे स्वल्पच मागतात आणि स्वल्पच देतात, तसंच हे. मग मुलाकडचे मनातल्या मनात त्याला दहाने गुणतात.

“स्वैपाक येतो का हो?” ताटातलं कुरकुरीत कोडबळं उचलत गोजराबाईंनी विचारलं.

“स्वल्प,” आई म्हणाली. म्हणजे लग्नाची पंगत एकटी उठवेल.

“शिवणटिपण?”

“स्वल्प.”

गोजराबाई खुलत चालल्या. संतोषकुमारने तर घड्याळात बघणंही सोडलं. अक्काने माझ्याकडे असं पाहिलं, की कसायाच्या दारातल्या बोकडानेही पाहिलं नसतं.

“स्वल्प कसलं, काकू!” मी पुढे सरसावले. “अक्का व्हेरी गुड स्वैपाक करते. व्हेरी, व्हेरी गुड!”

गोजराबाईंचं कोडबळं हवेतच थांबलं. “व्हेरी?”

“व्हेरी! आणि स्वभाव व्हेरी शांत. व्हेरी, व्हेरी शांत. चिडतच नाही. म्हणजे आता तर अजिबातच नाही.”

“आता?”

“आणि तब्येत तर, काकू, व्हेरी, व्हेरी, व्हेरी चांगली!”

एक अक्षर खोटं नव्हतं. अक्काला साधी सर्दीसुद्धा होत नाही. पण नेमकं तेव्हाच तिला हसू आवरेना, ते दाबताना ठसका लागला, आणि गोजराबाईंनी खुर्ची हळूच मागे सरकवली.

“औषध वगैरे चालू आहे का?” त्यांनी आईला कुजबुजत विचारलं.

“छे हो! स्वल्पसुद्धा नाही,” आई घाबरून म्हणाली.

झालं! गोजराबाईंनी त्यालाही दहाने गुणलं असणार.

अण्णांचे डोळे माझ्यावर असे रोखले होते, की मी कोडबळ्यांचं ताट उचलून स्वैपाकघर गाठलं.

चार दिवसांनी फोन आला. अण्णा बराच वेळ नुसते कानडीत “सरी, सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणत राहिले आणि रिसीव्हर ठेवून डोकं खाजवू लागले.

“काय म्हणाल्या?” आईने विचारलं.

“म्हणाल्या, मुलगी व्हेरी गुड. घर व्हेरी गुड. माणसं तर व्हेरी, व्हेरी गुड.”

“मग?”

“मग काय? जमत नाही म्हणे.”

मी पुस्तकात तोंड घातलं. पुस्तक उलटं होतं, हे अण्णांनी पाहिलं. मग ते अक्काकडे वळले.

“शिल्पा, खरं सांग. एम.एस्सी. करायची तुला इच्छा आहे?”

माझ्या जिभेवर तीन-चार ‘व्हेरी’ उड्या मारत होत्या. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

अक्काने मान खाली घातली. “स्वल्प,” ती म्हणाली.

अण्णांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरचा शर्ट काढला.

“चल,” ते म्हणाले, “कॉलेज बंद व्हायच्या आत पोचू.”