गुरुवारचा वर्ग

बीसीसीच्या रकान्यात पत्ते भरता भरता कुलूपकाकांचा हात थांबला. नव्या सभासदांतला एक ईमेल ओळखीचा होता. ओळखीचा कसला, लेक शाळेत असताना तिच्या मांजरीच्या नावानं त्यांनीच तो काढून दिला होता.

समाजकेंद्रातल्या सगळ्या गटांचे निरोप काकाच पाठवत. हा निरोप नवऱ्याचा मार सोसणाऱ्या बायकांच्या गटाचा होता. आधीच्या कारकुनानं एकदा सगळे पत्ते उघडे ठेवून पत्र धाडलं. ते एकीच्या नवऱ्यानं वाचलं आणि दुसरीच्या नवऱ्याला जाऊन सांगितलं. ती दुसरी पुन्हा कधी आली नाही. तेव्हापासून काका एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसू देत नसत आणि स्वतः पाहिलेलं पोटात ठेवत. बाजारात एखादी सभासद समोर आली, तरी हे आपले खाली मान घालून भाजी निवडणार. कुलूप हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

निरोप केंद्राच्या नावानं जाई, गट जमे गुरुवारी संध्याकाळी, काका घरी गेल्यावर. लेकीला काय माहीत, यादी बापाच्या हातात आहे!

स्थळ त्यांनीच आणलं होतं. पोरगा म्हणजे गरीब गाय, असं चारचौघांत मिरवलंही होतं. आता रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्यांनी निरोप पाठवला. बायकोला काही सांगितलं नाही. लेकीला फोन लावला, तर हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

रविवारी लेक-जावई जेवायला आले. दुसऱ्यांदा वाढून घेताना जावई सहज म्हणाला, "बाबा, ही दर गुरुवारी तुमच्या केंद्रात शिवणाच्या वर्गाला जाते म्हणे. अजून एक रुमाल दिसला नाही घरात. खरंच असतो ना वर्ग?"

लेकीचा घास हातातच राहिला. सभासदांबद्दल काका आजवर खरं-खोटं काहीच बोलले नव्हते. पण आज गप्प बसणं म्हणजे सांगून टाकणंच होतं.

"असतो की," काका म्हणाले. "निरोप मीच पाठवतो सगळ्यांना. आधी नुसते टाके घालून उसवायला लावतात. रुमाल कुठला एवढ्यात?"

जावई हसला. बायकांचे वर्ग म्हणजे निम्म्या गप्पाच, असं म्हणाला. काकाही हसले. लेक मात्र बापाकडे बघत राहिली. काकांनी ताट संपवलं, पण चव कशाचीच लागली नाही.

निघताना जावई गाडी काढायला पुढे गेला. चपला घालता घालता लेकीनं हळूच विचारलं, "वर्ग बंद नाही ना पडणार, बाबा?"

"नाही. आणि घरी शिवायला जमत नसेल, तर तुझी खोली रिकामीच आहे. कधीही ये."

तिनं मान हलवली. बाहेर हॉर्न वाजला तशी ती गेली.

काका तिच्या खोलीत गेले आणि पलंगावरची जुनी गाठोडी एकेक करून माळ्यावर टाकू लागले. बायको दारात येऊन म्हणाली, "आत्ता हे काय काढलंत? कोण येणार आहे?"

काकांनी धुतलेली चादर काढली आणि पलंगावर घातली.