भाकरी ठोकलेली भिंत

मी एक जुनी भिंत आहे. मित्रांनो, कृपा करून मला टेकून बसू नका.

जुळे सोलापूरच्या एका गल्लीत दोन खोल्यांचं घर आहे. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध मी सव्वीस वर्षं उभी आहे. माझ्या विटा चांगल्या आहेत, हे मला आधीच सांगून टाकू दे. खोट होती ती अंगावरच्या गिलाव्यात. गिलावा झाल्यावर दहा दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट वाळूला धरून ठेवत नाही. पण आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो. माझ्या वाट्याचं पाणी पिंपात भरून ठेवलं होतं. तेवढ्यात वास्तुशांत आली आणि ते सगळं पाणी दीडशे माणसांच्या हुग्गीत, म्हणजे गव्हाच्या खिरीत, गेलं. हुग्गी फार छान झाली होती म्हणे. मी तहानलेलीच वाळले. मिस्त्री म्हणाला, "वरनं रंग मारला की कुणाला कळतंय?"

खरंच कुणाला कळलं नाही. पंचवीस वर्षं माझ्यावर एक कॅलेंडर होतं. कॅलेंडर मला झेपत होतं.

मग यंदा घरमालक ईरप्पानं मोठा टीव्ही आणला. ईरप्पा चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. टीव्ही बसवायला कंपनीचा माणूस सोमवारी येणार होता. पण शनिवारीच ईरप्पाचा मेहुणा मल्लेश आला, उसनं आणलेलं ड्रिल घेऊन.

"माणूस कशाला, दाजी? मी हाय की!"

मित्रांनो, या वाक्यानंतर जे जे झालं, ते या वाक्यामुळेच झालं.

श्रीखंडात चमचा जावा तसं ड्रिल माझ्यात गेलं. बोट जाईल एवढं भोक पाडायचं होतं, पेरू मावेल एवढं पडलं. अशी चार पडली. स्क्रूला धरायला भोकात प्लॅस्टिकची गिट्टी ठोकतात. मल्लेशनं ती आत ठेवली की ती हळूच बाहेर यायची आणि जमिनीवर पडायची. अकरा वेळा पडली.

"दाजी, ही भिंत न्हाय. रवा हाय, रवा."

"मग रं?"

"मग काय, भोक भरायचं. तायडे, कडक भाकरी हाय का गं?"

स्वयंपाकघरातून ईरप्पाची बायको धनलक्ष्मी म्हणाली, "भूक लागली व्हय? थांब, चटणी देते."

"खायला न्हाय. ठोकायला."

धनलक्ष्मी बाहेर आली. "येडा झालास का तू?"

"तायडे, मागल्या म्हयन्यात दाजींचा दात कशानं तुटला?"

ईरप्पानं गालावर हात ठेवला.

"भाकरीनं," तो म्हणाला.

"मग झालं की!"

अशा रीतीनं चार ज्वारीच्या भाकरी तुकडे करून माझ्या अंगात ठोकल्या गेल्या. त्यांत स्क्रू पिळले, स्क्रूंवर पट्टी बसली आणि पट्टीवर टीव्ही चढला. शेजारच्या चिमाबाई बघायला आल्या. म्हणाल्या, "भिंत काय उठून दिसतीय गं धनू!" सव्वीस वर्षांत माझं हे पहिलं कौतुक. मी हुरळून गेले. खोटं कशाला बोलू?

त्याच संध्याकाळी ईरप्पाची पाच वर्षांची लेक राजनंदिनी, सगळ्यांची राजी, तिची लाल प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली आणि टीव्हीच्या बरोबर खाली मांडून बसली.

"बरोबर हाय," मल्लेशमामा म्हणाला. "जवळनं मोटं दिसतं."

माझं हुरळणं तिथंच संपलं.

तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. स्वयंपाकघरातल्या फटीतून एका ओळीत आल्या, घाई न करता. त्यांनी वरचा डावा स्क्रू खायला घेतला. स्क्रूभोवतीची भाकरी, म्हणजे. धनलक्ष्मीनं जमिनीवर मुंग्यांच्या खडूची रेघ ओढली. मुंग्या माझ्या आत होत्या. त्यांना ती रेघ दिसलीच नाही.

मला बोलता येत नाही. मला फक्त वाळू सांडता येते. मी ती रोज सांडली. सकाळी थोडी, दुपारी थोडी, राजीच्या केसांत, खुर्चीवर. धनलक्ष्मी रोज झाडायची आणि नवऱ्यावर चिडायची. "कुटनं येतीय ही वाळू? चिंचोळीवरनं पायाला लावून आणताय व्हय?" ईरप्पा बिचारा दारात चप्पल झटकून आत यायला लागला.

मग टीव्ही डावीकडं दोन बोटं खाली आला. ईरप्पानं मल्लेशला फोन लावला.

"अरं, सगळी माणसं तिरपी दिसायल्यात."

"दाजी, तुमी उजवीकडं उशी घ्या की."

पुढच्या रविवारी मल्लेश स्वतः येऊन गेला आणि पट्टीखाली एक लग्नपत्रिका घडी करून खोचली. टीव्ही सरळ झाला. माझ्यात आता चार भाकऱ्यांऐवजी दीड भाकरी, हजारेक मुंग्या आणि एक लग्नपत्रिका होती. खाली लाल खुर्ची होती.

मी ठरवलं, नळाच्या दिवसापर्यंत धरायचं. नळ आला की अख्खी गल्ली बाहेर पळते, चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मागं बघत नाही. तेवढा वेळ खोली रिकामी होते. नळ कालच येऊन गेला होता. म्हणजे अजून चार दिवस.

पहिल्या दिवशी वरचा उजवा स्क्रू सुटला. दुसऱ्या दिवशी राजीनं खुर्ची आणखी पुढं ओढली. तिसऱ्या दिवशी मुंग्या खालच्या भाकरीकडं उतरल्या. चौथ्या दिवशी सकाळी मी एका स्क्रूवर आणि हट्टावर टीव्ही धरून होते. राजी खुर्चीत होती, मांडीवर ताट, ताटात भाकरी आणि शेंगांची चटणी. वर बघायची, घास खायची.

"आलंय गं धनू! नळ आलाय!" चिमाबाई ओरडल्या.

धनलक्ष्मी घागर उचलून पळाली. "राजे, ऊठ! तुजा तांब्या आण!"

"आले गं, एवढं बघते."

ती उठली नाही.

मित्रांनो, मी आत कुठंतरी करकरले. आता माझ्याकडं एकच गोष्ट उरली होती. मी मूठभर गिलावा सोडला. तो थेट चटणीत पडला.

राजीनं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आई! भिंतीनं माज्या ताटात घाण केली!"

रडत, ताट घेऊन, ती बाहेर निघाली. मी तिची पावलं मोजली. सहाव्या पावलाला तिनं उंबरा ओलांडला. मी टीव्ही सोडला.

लाल खुर्चीचे चार पाय चार दिशांना गेले.

धनलक्ष्मी घागर घेऊन दारात आली. तिनं टीव्ही बघितलाच नाही. ती खुर्चीकडं बघत राहिली. घागर तिच्या हातातून सुटली आणि पाणी जमिनीवरून वाहत माझ्या पायाशी आलं. सव्वीस वर्षांनी मला पाणी मिळालं. मी ते सगळं प्यायले.

मग भिमा मिस्त्री आला. त्यानं मला बोटानं वाजवून पाहिलं आणि डोक्याची टोपी काढली, जणू घरात कुणी गेलंय. "सगळं खरवडून काडतो. विटेपातूर," तो म्हणाला. "पन दहा दिस पानी मारायचं. न्हायतर मी हात लावत न्हाय." नवा गिलावा झाला. दहा दिवस घरातल्यांनी आंघोळीचं पाणी निम्मं केलं आणि मला दिलं. राजी रोज तिचा तांब्या माझ्यावर ओतायची आणि दटावायची, "परत ताटात घाण करायची न्हाय." मग भिमानं विटांतून आरपार बोल्ट घातले, स्वयंपाकघराच्या बाजूनं लोखंडी पट्ट्या लावून आवळले. टीव्ही दुरुस्त होऊन आला. आता माझ्यावर खुशाल हत्ती टांगा.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण आज पुन्हा नळाचा दिवस आहे. ईरप्पा कामावर गेलाय, धनलक्ष्मी आणि राजी बाहेर रांगेत आहेत, आणि दाजींना खूश करायला मल्लेश आलाय. त्याच्याकडं पाणी तापवायचा गीझर आहे. न्हाणीघराची भिंत माझी बहीण. त्याच जुन्या मिस्त्रीची, त्याच आठवड्यातली, त्याच हुग्गीची. गीझर जिथं लागणार, त्याच्या बरोबर खाली राजीचा आंघोळीचा पाट असतो.

मित्रांनो, भिंतीला काही टांगण्याआधी तिला बोटानं वाजवून पाहा. खाली कोण बसतं, तेही पाहा. आणि तुम्हाला तोंड आहे, तर या घरी येऊन कुणाला तरी सांगा. मी इथून फक्त वाळू सांडू शकत होते, आता तीही माझ्याकडं उरली नाही.

जरा लवकर या. चार भोकं पाडून झालीत, आणि आत्ताच स्वयंपाकघरात भाकरीच्या डब्याचं झाकण वाजलं.