सतरा नंबरचं टोकन

हथखोज गावच्या एका केंद्रात आयांना फुकट वेल्डिंग शिकवत, आणि पास झालं तर लेकराची शाळेची फी बारावीपर्यंत भरत. माझी मोना सातवीत होती. म्हणजे मला पास व्हायचंच होतं, मग डोळे फुटले तरी बेहत्तर!

शिकवायला देवराव. पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले, महाखडूस. प्लांटची रीत त्यांनी इथेही लावली होती: आत जाताना आपलं पितळी टोकन बोर्डावर लटकवायचं, बाहेर पडताना उचलायचं. आम्ही सोळा जणी. सगळ्या निघाल्या तरी सतरा नंबरचं टोकन तिथेच असे.

"हे काढून कावून नाही टाकत?" मी एकदा विचारलं.

"पयल्या बॅचची बाई. आत गेली, बाहेर येताना कोनंच पाह्यली नाही. पोरगी गेटवर वाट पाहत होती. टोकन हाय तवर मानूस आत हाय, दामिनी. दुसऱ्याच्या टोकनाले हात लावायचा नाही."

तिच्यासाठी ते रोज जाताना एक बल्ब चालू ठेवत. मला हसू यायचं.

परीक्षेच्या दिवशी जोड असा वाकडा जायला लागला की मला रडूच आलं. तेवढ्यात शेजारच्या रिकाम्या वेल्डिंग-बूथमधून एक हात आला आणि त्याने माझं मनगट धरलं. बर्फासारखा गार. जोड सरळ, सुंदर उतरला. देवराव म्हणाले, "पास."

बाकीच्या हसत-खिदळत निघून गेल्या. मी बोर्डाशी आले, तर कानाशी आवाज आला, "बाई, माहं टोकन काढून देता का? पोरगी वाट पाहून राहिली."

मी दाराकडे एक पाऊल टाकलं. पण उपकार कसे विसरू? माझीही पोरगी गेटवरच उभी होती. वेल्डिंगच्या उजेडाने डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचत होते, नंबर दिसेना. चाचपून एक टोकन काढलं, दिलं. उरलेलं आपलं म्हणून मुठीत घेतलं.

दारापर्यंत गेले. पाय उंबऱ्याबाहेर पडेना. मूठ उघडली, तर हातात सतरा नंबर.

खिडकीतून पाहिलं. माझ्याच निळ्या साडीतली, माझ्याच चेहऱ्याची बाई गेटकडे चालली होती. मोनाने धावत येऊन तिचा हात धरला.

"आई, तुहा हात इतका थंडा कावून?"

"पास झाली ना मी. तुही शाळा पक्की."

मी जीव तोडून हाका मारल्या. मोनाने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मुठीतलं टोकन पुन्हा बोर्डावर कधी गेलं, कळलं नाही. देवरावांनी ते पाहिलं, बल्ब लावला आणि बाहेरून कुलूप घातलं.