टेकडीवरचा हाका

नात काय बोलते ते पद्माकर येनुरकरांना कळत नव्हतं, आणि कळत नाही हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गजवळच्या एका गावात मुलाकडे, सिद्धेशकडे, येऊन त्यांना सतरा दिवस झाले होते. उर्जा दहा वर्षांची. आजोबांचं मराठी तिला सगळं समजायचं. उत्तर मात्र जर्मनमधून यायचं, तेही भरभर. सुरुवातीला त्यांनी "काय म्हणालीस बेटा?" असं चार-पाचदा विचारून पाहिलं. दर वेळी तिचा चेहरा पडायचा आणि "एगाल", म्हणजे जाऊ दे, म्हणत ती आपल्या खोलीत निघून जायची. मग ते मान डोलवायला लागले. "जा, जा," म्हणायचे. जा म्हणजे हो, एवढं त्यांना सिद्धेशने शिकवलं होतं. तेवढ्यावर भागत होतं. आजोबांना आपलं सगळं कळतं अशा समजुतीत पोर तास-तासभर त्यांच्याशी बोलत बसायची, आणि तिचा तो बडबडता चेहरा पाहण्यासाठी ते मान डोलवत राहायचे.

नोव्हेंबरमधला शनिवार होता. सिद्धेश कंपनीच्या कामाला वोल्फ्सबुर्गला गेला होता. सून विभावरी जर्मनच्या वर्गाला फ्रँकफुर्टला निघाली होती.

"बाबा, टेकडीवर जाऊन या दोघं. पाऊस नाहीये आज," बूट घालता घालता ती म्हणाली. मग उर्जाकडे वळून, "आणि रानात आजोबा सांगतील तसं वागायचं. ते फॉरेस्टमध्ये होते. जंगलातलं सगळं कळतं त्यांना."

यात खोटं काही नव्हतं. पद्माकररावांची चौतीस वर्षं आलापल्लीच्या आणि बल्लारपूरच्या जंगलांत गेली होती. वनपाल म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हातची सागाची तीन रोपवनं उभी होती. सिद्धेशच्या घराच्या स्वयंपाकघरातून ती टेकडी दिसायची. खाली सफरचंदांची जुनी झाडं आणि गवत, वर काळपट हिरव्या रंगाचा सरळ कापल्यासारखा पट्टा. ते आपोआप उगवलेलं जंगल नाही, लावलेलं आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

गवतातून दोघं वर चढली. पडलेली सफरचंदं बुटांखाली फुटत होती. रानाच्या तोंडाशी लाकडी अडसर होता आणि त्याला टेकून लाल काठाचा एक तिकोनी फलक ठेवलेला होता. या देशात पावलोपावली काही ना काही लिहिलेलं असतं. पद्माकररावांनी त्याकडे पाहिलंही नाही. उर्जा मात्र थांबली. तिने फलक वाचला आणि त्यांच्याकडे पाहत बरंच काही बोलली. त्यातले "आजोबा" आणि "वाल्ड", म्हणजे रान, एवढे दोनच शब्द त्यांना लागले. शेवटी आवाज वर गेला होता, म्हणजे प्रश्न होता.

"जा, जा," ते म्हणाले.

"विर्कलिश?" खरंच का, अशा सुरात तिने पुन्हा विचारलं.

"जा!" ते हसले आणि अडसराच्या कडेने आत शिरले. क्षणभर ती तिथेच उभी राहिली. मग धावत येऊन तिने त्यांचा हात धरला.

आत गेल्यावर त्यांचं वय दहा-वीस वर्षांनी उतरलं. सूचिपर्णी झाडं, ओळीत ओळ, दोन मीटरवर एक. "हे बघ, दोरी लावून लावलेत. वर्षाला फांद्यांचं एक कडं येतं या झाडाला. मोज कडी, म्हणजे वय कळतं." उर्जाने मान वर करून चाळिसापर्यंत मोजलं, जर्मनमध्ये. त्यांनी एका खोडाला मिठी मारून घेर पाहिला. मधली काही झाडं तोडून विरळणी करायला हवी होती, कोणी केली नव्हती. काही झाडं किडीने वाळून उभ्या उभ्या पांढरी पडली होती. पाहता पाहता दोघं वाट सोडून बरीच आत गेली. उजेड कमी झाला. पायाखाली सुयांचा जाड थर, पावलांचा आवाजच नाही.

तेवढ्यात खालच्या अंगाला फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. त्यानंतर दुसरा, आणि याला घुमारा होता.

पद्माकरराव जागीच थांबले. तो आवाज त्यांना ओळखू आला होता, पण मन ते मानत नव्हतं. मग डावीकडून, लांबून, माणसांचं ओरडणं ऐकू आलं. "हॉप! हॉप! हॉप!" काठ्या खोडांवर आपटत होत्या. कुत्री भुंकत होती. ओरडणारे एका रेषेत होते आणि रेषा पुढे सरकत होती.

सहा-सात वर्षांचे असताना, वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी हे ऐकलं होतं. त्या वेळी डबे वाजत होते, एवढाच फरक.

"हाका," ते पुटपुटले. "हाका घातलाय. जनावरं बंदुकांकडे हाकलतायत."

उर्जाने त्यांच्याकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती भरभर काही बोलली. "मराठीत," ते म्हणाले. "बेटा, मराठीत सांग. तिथं काय लिहिलं होतं?"

"शिकार," ती म्हणाली. पुढचा शब्द शोधताना तिचे डोळे भरून आले. "आज. मरू शकतो. मी विचारलं तुला. तू जा म्हणालास."

वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. त्यांनी स्वतःकडे पाहिलं: तपकिरी स्वेटर, तपकिरी माकडटोपी. पोरीचं जाकीट गडद निळं. या अंधारात झाडांमधून पळताना लांबून कोणीही जनावरच समजला असता.

"पळायचं नाही," ते म्हणाले. "माझा हात सोडायचा नाही."

वीसेक पावलांवर वाऱ्याने उन्मळलेलं एक झाड पडलेलं होतं. त्याची मुळं मातीसकट उपटून उभी राहिली होती, पुरुषभर उंच भिंतीसारखी. तिच्या आडोशाला त्यांनी उर्जाला बसवलं आणि स्वतः तिच्यावर पाखर घालून बसले. माती गोळी अडवते. हाका पुढे सरकून जाईपर्यंत इथून हलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

जनावरं आधी आली. दोन हरणं उड्या मारत निघून गेली. मग रानडुकराची मादी आणि तिच्यामागे पाच-सहा पिल्लं, एकामागे एक. उजवीकडे लागोपाठ तीन गोळ्या झाल्या. एक गोळी वरच्या फांद्यांतून गेली असावी, कारण सुया भुरभुरत खाली आल्या. उर्जा आवाज न करता रडत होती. तिची पाठ त्यांच्या छातीशी हादरत होती.

मग धापा टाकल्याचा आवाज आला. मुळांच्या भिंतीच्या पलीकडे काहीतरी जड येऊन धडकलं. माती त्यांच्या डोक्यावर पडली. पाठोपाठ कुत्री आली आणि पलीकडे नुसता कल्लोळ माजला. मुळांच्या फटीतून पद्माकररावांना राठ काळे केस दिसले, आणि त्यांवरून ओघळणारं रक्त. डुकरातला मोठा नर होता. घायाळ होऊन, भिंतीला पाठ लावून, कुत्र्यांकडे तोंड करून उभा होता. मधे हातभर माती.

त्यांनी उर्जाच्या तोंडावर हात ठेवला. घायाळ डुकराला माणसाचा आवाज ऐकवायचा नसतो. आलापल्लीला त्यांच्या डोळ्यांदेखत एका वनमजुराची मांडी फाटली होती.

वरच्या अंगाने कोणीतरी चालत येत होतं. फटीतून नारिंगी जाकीट दिसलं, आणि जाकिटाच्या पुढे बंदुकीची नळी. शिकारी कुत्र्यांमधून जागा शोधत होता. नळी डुकरावर होती, म्हणजे भिंतीवर होती, म्हणजे त्या दोघांवर. डुक्कर जरा सरकलं, की तीही सरकत होती. भिंतीला जागोजागी फटी होत्या.

"माणसं आहेत!" पद्माकरराव ओरडले. "ओ! माणसं आहेत इकडे!"

नळी हलली नाही. हाक्यात सगळेच ओरडत होते. त्यांचा आवाज त्यातलाच एक झाला.

त्यांनी उर्जाच्या तोंडावरचा हात काढला. "ओरड," ते म्हणाले. "तुझ्या भाषेत ओरड. जोरात!"

"निष्ट शीसन!" गोळी झाडू नका म्हणून उर्जा किंचाळली. "निष्ट शीसन! हिअर झिंट मेन्शन!"

नळी झटकन आकाशाकडे गेली. आणि त्याच क्षणी डुक्कर वळलं. पाठीमागून आलेल्या आवाजाने ते भिंतीला वळसा घालून सरळ त्यांच्या अंगावर आलं. पद्माकररावांनी उर्जाला दोन्ही हातांनी उचलून आडव्या खोडावर फेकलं. स्वतःला वर चढायला सवड मिळाली नाही. पोटरीवर कोणीतरी काठी मारल्यासारखं वाटलं, आणि ते खाली बसले. कुत्री त्यांना तुडवत डुकरामागे उताराला गेली.

शिकारी बाई होती, पन्नाशीची. ती वायरलेसवर एकच शब्द परत परत ओरडत होती. हाक्याचा आवाज थांबला. मग तिने बंदूक रिकामी करून झाडाला टेकवली आणि त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली. पँट फाटली होती, आतली पोटरी उघडी पडली होती. तिने पोटरीला घट्ट पट्टी बांधली. बांधून झाल्यावर तिने उर्जाला काही विचारलं. उर्जाने खोडावर बसल्या बसल्या उत्तर दिलं, लहान, खालच्या आवाजात, आजोबांकडे न बघता. बाईने पद्माकररावांकडे पाहिलं आणि ती रागाने खूप बोलली. एकही शब्द न कळता त्यांना ते सगळं कळलं. या वेळी त्यांनी मान डोलवली नाही.

हॉस्पिटलमध्ये अकरा टाके पडले. विभावरी फ्रँकफुर्टहून आली तेव्हा उर्जा कॉरिडॉरमधल्या बाकावर आजोबांचा स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. आईने तिला आधी छातीशी धरलं, मग चाचपून पाहिलं, मग विचारलं, "बोर्ड नव्हता का गं लावलेला?"

"मी वाचला नाही," उर्जा म्हणाली. मराठीत.

"वाचला होता तिनं," बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले पद्माकरराव म्हणाले. "मला सांगितलं होतं. दोनदा विचारलं. मला कळलं नाही, आणि कळलं नाही हे मी सांगितलं नाही. ती काय बोलते ते मला कधीच कळत नाही, विभावरी. आल्यापासून. मी नुसता जा, जा करतो."

विभावरी त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, पण शब्द तुटत होते.

"अहो बाबा, ती दहा वर्षांची आहे. मी तिला सांगून गेले, आजोबांचं ऐक म्हणून."

"हो."

"एकदा सांगायचं ना मला. नाही कळत म्हणून."

"लाज वाटली."

ती त्यांच्या शेजारी बसली. एक नर्स येऊन कागदावर सही घेऊन गेली.

"लाज मलाही वाटते," विभावरी शेवटी म्हणाली, समोरच्या भिंतीकडे बघत. "शाळेतलं सांगताना ती इतकी भरभर बोलते. अर्धं निसटतं माझं. मीपण नुसतं गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर करते. वर्गाला काय हौस म्हणून जाते मी?"

उर्जा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला सगळं समजत होतं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो कोणासाठी होता ते पद्माकररावांना सांगता आलं नसतं. ती उठली, स्वेटर त्यांच्या मांडीवर टाकला आणि पाणी प्यायला निघून गेली.

पोलिसांपर्यंत गोष्ट गेली नाही. त्या बाईने दोन दिवसांनी फोन करून पायाची चौकशी केली. डुक्कर खाली नाल्यात मिळालं, असंही सांगितलं. सिद्धेश आठवडाभर बापाशी कामापुरतं बोलला. उर्जाने दोन दिवस आजोबांशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या खोलीत आली, पलंगाच्या कडेला बसली आणि शाळेतल्या कुठल्याशा मुलीबद्दल सांगायला लागली. एक वाक्य जर्मनमध्ये झालं की थांबायची आणि त्यांच्याकडे रोखून बघायची.

"नाही कळलं," ते म्हणायचे.

मग ती सुस्कारा टाकून, डोळे फिरवून, मोडक्या मराठीत तेच पुन्हा सांगायची. फार वेळ लागत होता. त्या मुलीची गोष्ट संध्याकाळपर्यंतही संपली नाही. टेकडीवर मात्र ती पुन्हा गेली नाही, आणि त्यांनीही तिला कधी चल म्हटलं नाही.