झाकून ठेवलेलं लेथ

शाळेच्या फाटकावर अजून तो कापडी फलक लटकतोय. माझ्या योंजूचं नाव आणि खाली 'नोकरी लागल्याबद्दल अभिनंदन'. चांगवॉन शहरातल्या कारखान्यात माझी पोर खोकी चिकटवते, हे मात्र त्यावर लिहिलेलं नाही.

शेवटच्या वर्षाला असतानाच शाळेने तिला तिथे लेथ, म्हणजे लोखंड तासायचं मशीन, चालवायला म्हणून धाडलं होतं. लेखी परीक्षेत ती वर्गात पहिली. पहिल्याच दिवशी फोरमनने हातात लोखंडी कांब देऊन तासायला सांगितली, तर ही मशीनसमोर नुसती उभी. शाळेतली मशीनं स्पर्धेत पदकं आणणाऱ्या चार मुलांसाठी राखलेली. बाकीच्यांनी लांबून बघायचं आणि उत्तरं पाठ करायची. फोरमन हसला म्हणे. "पहिली आलीस ना? मग कागद तास."

तिला शाळेत परतून शिकायचं होतं. म्हणून ती सुट्टी घेऊन आली तेव्हा बुद्धाच्या देवळातून परस्पर तिला घेऊन मी शाळेत तिच्या वर्गशिक्षकांकडे, प्यो सरांकडे गेले. त्यांनी बार्लीचा चहा दिला. एक मूल परत आलं की नोकरी लागलेल्यांचा टक्का घसरतो, मग शाळेचं अनुदान कमी होतं, असं समजावलं. टक्क्याची मोजणी होईपर्यंत तिने कारखान्यातच राहावं.

"योंजूच्या आई, तिला जरा कळ काढायला सांगा. बाहेरच्या जगात सगळ्यांनाच सोसावं लागतं."

कारखान्याचं जाकीट घातलेली योंजू मान खाली घालून बसली होती. इतक्या वर्षांत तिने मशीनला हात कधी लावला, असं मी विचारलं. सरांनी माझा कप पुन्हा भरला.

माझा आवाज चढत नाही. त्या दिवशीही चढला नाही. मी उठले ती थेट शाळेच्या कार्यशाळेत गेले. निळ्या कापडाखाली एक लेथ झाकलेलं होतं. पिशवीतलं आसन काढलं, त्याच्यासमोर अंथरलं आणि बुद्धापुढे रोज घालते ते एकशे आठ नमस्कार सुरू केले. गुडघे, तळवे, कपाळ जमिनीला. स्पर्धेची मुलं काम टाकून बघत राहिली.

सर धापा टाकत आले. "अहो, हे काय चालवलंय? ते मशीन काय बुद्ध आहे?"

"कुणाला हात लावू देत नाहीत, सर. म्हणजे देवच असणार."

कुणीतरी हसू दाबलं. मी पुन्हा वाकले. मागोमाग आलेली योंजू पुढे झाली आणि तिने ते कापड ओढून काढलं.

"सर, हे सुरू कुठून करायचं?"

सरांनी खिसे चाचपले. मशीनची किल्ली स्पर्धेच्या प्रशिक्षकांकडे होती. मुख्याध्यापकांना विचारावं लागेल, असं काहीबाही ते पुटपुटले. मी वाकत राहिले. दारात वर्गातली आणखी पोरं जमली, त्यांनीही मशीनला कधी हात लावला नव्हता. शेवटी सरांनी एकाला किल्ली आणायला पिटाळलं.

मशीन फिरू लागलं. योंजूची पहिली कांब वेडीवाकडी तासली गेली. तिने लगेच दुसरी उचलली.

मी आसन गुंडाळलं आणि सरांना हळूच सांगितलं, "उद्यापासून ती इथेच येईल. मशीन झाकलेलं दिसलं, तर मीही येईन."