आधी कोण जेवणार

बावीस वर्षांच्या नोकरीत मोहियुद्दीनला जेवढ्या सुट्ट्या मिळाल्या तेवढ्या सगळ्या रत्नागिरीला खर्ची पडल्या. दर सुट्टीत कुणाचं तरी लग्न, साबण नि कापडाने फुगलेल्या बॅगा, आणि दारात उभ्या असलेल्या गोतावळ्याचा एकच प्रश्न, काय आणलंस? म्हणून यंदा त्याच्या बायकोने, शरफुन्निसाने, जन्मात पहिल्यांदा हट्ट धरला. जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशा मुलखात आठ दिवस जायचं म्हणजे जायचं.

मोहियुद्दीन यान्बूच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. त्याचे साहेब ब्रूनो इटलीचे, आणि त्यांचं तिकडे समुद्राकाठी घर होतं. उन्हाळ्यात या, असं ते वर्षभर सांगत होते. व्हिसासाठी त्यांच्या हातचं आमंत्रणपत्र तेवढं राहिलं होतं. इतक्यात इराकने कुवेत गिळलं, ते सोडायला त्याला दिलेली पंधरा जानेवारीची मुदत जवळ आली, आणि कंपनीने इटालियनांना माघारी बोलावलं. शुक्रवारी दुपारी तीनला जेद्द्याची बस होती. ब्रूनो म्हणाले, "त्या दिवशी तुमच्याकडेच जेवतो. पत्र जेवण झाल्यावर लिहीन. जेवणाआधी कामाचं काढायचं नाही, अशी आमची रीत."

रीतभात म्हटली की मोहियुद्दीनच्या अंगात यायचं. ट्रॅव्हल एजंटने दिलेली इटलीची पुस्तिका त्याने तोंडपाठ केली होती. जेवणानंतर दुधाची कॉफी मागू नये. उघड्या खांद्यांनी चर्चमध्ये जाऊ नये. यजमानीणबाईंनी घास घेतल्याशिवाय पाहुण्याने ताटाला हात लावू नये. शेजारपाजारचे लोक युद्धाच्या धास्तीने खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते, आणि ह्यांच्या घरी काट्याभोवती नूडल्स गुंडाळायची तालीम चालली होती. दहावीतली आलिमा "अब्बा, प्लीज" म्हणून उठून जायची.

शुक्रवारी दीडला ब्रूनो आले. टेबलावर सुरमईचं सालन, तांदळाच्या भाकऱ्या, नारळाच्या रसातली सांदणं. शरफुन्निसा ओढणी सावरून वाढायला उभी राहिली. ब्रूनोंनी वास घेतला, वा वा केलं आणि हसतमुखाने बसून राहिले. जेवेनात.

मोहियुद्दीनला वाटलं, काटा हवा असेल. काटा आला. मग चमचा, मग सुरी, शेवटी केचपची बाटलीही आली. ब्रूनो प्रत्येक वस्तूचे आभार मानत आणि शरफुन्निसाकडे आशेने बघत. ती लगेच आणखी एक भाकरी वाढी. दोन वाजले, सव्वादोन झाले. पत्राचा कागद फ्रिजवर कोराच होता.

"अवो, ह्यो जेवत का नाय?" शरफुन्निसा रडकुंडीला आली. "मासा आवडत नाय काय?"

तेव्हा कुठे मोहियुद्दीनच्या डोक्यात प्रकाश पडला. महिनाभर त्याने सगळे नियम इटलीत पाहुणा होण्यासाठी घोकले होते. इथे तो पाहुणा नव्हताच. आणि यजमानीणबाई तर पाहुणे उठल्याशिवाय बसायच्याच नाहीत.

"तू जेव," तो म्हणाला. "तुझ्यासाठी थांबलाय तो."

"पावन्याच्या आदी मी जेवू? लोक काय म्हनतील?"

"हय लोक कोन आहेत?"

ती खुर्चीच्या कडेवर कशीबशी टेकली. सगळ्यांच्या नजरा चुकवत तिने भाकरीचा तुकडा सालनात बुडवला आणि तोंडात घातला. ब्रूनो लगेच तुटून पडले. आणि मग शरफुन्निसाही. आलिमा आत जाऊन तव्यावरची भाकरी आणी, ती थेट आईच्या ताटात जाई. आपली बायको गरम भाकरी खाताना मोहियुद्दीनने कधी पाहिलीच नव्हती. त्याला फार शरमल्यासारखं झालं. काही सुचेना, म्हणून तो उठून दोघांना वाढू लागला. मीठ कुठे ठेवतात तेही त्याला विचारावं लागलं.

पावणेतीनला बाहेर बसचा भोंगा वाजला. ब्रूनोंनी हात धुतले, उभ्याउभ्या पत्र खरडलं, मोहियुद्दीनला मिठी मारली आणि पळाले.

आलिमाने पत्र मोठ्याने वाचलं, आईसाठी मराठीत. "श्रीमती शरफुन्निसा यांना मी माझ्या घरी राहायला बोलावत आहे. त्यांची इच्छा असल्यास त्यांनी पतीलाही सोबत आणावं. ते वाढतात चांगलं."

शरफुन्निसाने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. नंतर पत्र स्वतःच घडी करून ठेवलं.

"मग, मला नेशील ना?" मोहियुद्दीनने विचारलं.

"बगू," ती म्हणाली. ती अजून खुर्चीवरच होती. "आदी ती उरलेली सांदनं हय आना."